साडेतीन सेंटीमीटर

आधीच सांगून टाकतो, माझा पाय कड्यावर मोडला नाही. गेल्या वर्षभरात भेटलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारलाय, "कड्यावरून पडलास का रे?" आणि दर वेळी 'नाही' म्हणताना मला उगाचच कमीपणा वाटलाय. कड्यावरून पडणाऱ्याला निदान थोडं ग्लॅमर तरी असतं. मी पडलो पायवाटेवर.

तर झालं असं. डिसेंबरातला पहिला रविवार. नाणेघाटाजवळ जीवधनला खेटून वानरलिंगीचा सुळका उभा आहे, खडा पारशी म्हणतात तोच. आम्ही चौघांनी तो केला, रॅपल करून खाली आलो, दोर गुंडाळले, फोटो काढले. आता फक्त घाटघरला उतरायचं, गाडी तिथेच लावलेली. खांद्यावर दोराचं वेटोळं, हेल्मेट सॅकला लटकवलेलं, आणि सोमवारी सकाळी रिलीज असल्यामुळे डोकं केव्हाच हिंजवडीत पोचलेलं. मागून पार्टनरने विचारलं, "पाणी आहे का रे?" मी चालता चालताच मान वळवली. डावा पाय घसाऱ्यावर पडला, घसरला, दोन दगडांच्या बेचक्यात अडकला आणि बाकीचा मी पुढे गेलो.

हाड मोडल्याचा आवाज मला आला नाही. मागे चालणाऱ्या पार्टनरला आला. तो आजही त्याबद्दल बोलत नाही.

पुढचे चार तास थोडक्यात सांगतो, कारण मलाही ते तुकड्यातुकड्यातच आठवतात. कॅरीमॅट गुंडाळून आणि स्लिंगने बांधून पायाला आधार दिला. एक जण गावात धावला. घाटघरची माणसं बांबू आणि घोंगडं घेऊन आली, डोली केली आणि ज्या वाटेवर मला एकट्याचा पाय टाकता आला नव्हता त्याच वाटेवरून मला उचलून, गप्पा मारत खाली नेलं. जुन्नरला एक्स-रे, रात्री पुणे. डाव्या पायाची पोटरीतली दोन्ही हाडं मोडलेली. दुसऱ्या दिवशी टिबियाच्या पोकळीत रॉड, वर-खाली स्क्रू. रिलीज माझ्याशिवाय झालं आणि (हे जरा झोंबलं) व्यवस्थित झालं.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी विचारलं, "व्यायाम कधी सुरू करू?"

"अहो, आधी बाथरूमपर्यंत जाऊन दाखवा," ते म्हणाले.

आता जे क्लायंबिंग करत नाहीत त्यांना हे वेडेपण कळावं म्हणून सांगतो. क्लायंबर स्वतःच्या शरीराचा फार हिशेबी असतो. बोटांची ताकद, मनगटापासून कोपरापर्यंतचा दम आणि वजन, या तीन आकड्यांवर त्याचं सगळं चालतं. स्नायू वापरला नाही की पंधरा दिवसांत उतरायला लागतो. बोटांच्या शिरा मात्र वर्षानुवर्षांनी तयार होतात. मी सहा वर्षं शनिवार-रविवार घालवून जे कमावलं होतं ते बेडवर पडून वितळताना मला अक्षरशः दिसत होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी. लोक या वयात होम लोनची चिंता करतात.

घरी आलो. आई खुशीत. म्हणजे पाय मोडला म्हणून नव्हे, पण मुलगा सलग घरात सापडला म्हणून. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, नाचणीचं सत्त्व, रविवारी पायाचं सूप. मला त्या प्रत्येक लाडवात वाढलेलं वजन दिसायचं. मी गुपचूप अर्धं जेवण सोडायला लागलो. आणि बेडरूमच्या चौकटीत पुलअप बार होताच, त्याच्यावर फिंगरबोर्डही होता, म्हणजे बोटांच्या पेरांवर लटकायची लाकडी पट्टी. पायाला तर काही करता येत नाही, मग वरच्या अर्ध्या शरीराला राक्षस बनवू, असा एकूण प्लॅन.

पार्टनर दर शनिवारी यायचा. एकदा दोन पुस्तकं घेऊन आला. एकात डग स्कॉटची गोष्ट. १९७७ साली काराकोरममधल्या ओगर शिखरावर पोचून उतरताना त्याचे दोन्ही पाय मोडले आणि तो दिवसचे दिवस गुडघ्यांवर रांगत खाली आला. दुसरं जो सिम्पसनचं. १९८५ साली पेरूमध्ये सिउला ग्रांदेवरून उतरताना त्याचा पाय मोडला, वर दोर धरून बसलेल्या सोबत्याला शेवटी दोर कापावा लागला, हा हिमभेगेत पडला आणि तरीही रांगत बेस कॅम्पला पोचला. पुढे दोघेही पुन्हा डोंगरावर गेले. मी दोन रात्रींत दोन्ही पुस्तकं संपवली आणि सोयीचा अर्थ काढला की खरा क्लायंबर असल्या गोष्टींना भीक घालत नाही. दोघांचेही पाय *उतरताना* मोडले, ही बारीक गोष्ट तेव्हा माझ्या डोळ्यांखालून निसटली.

इकडे फिजिओथेरपीच्या मॅडम यायला लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, "गुडघा खाली दाबा. मांडी आवळा."

मी आवळली. काहीच झालं नाही.

"आवळा," त्या परत म्हणाल्या.

मी जीव खाऊन आवळत होतो! कपाळाला घाम आला, पण मांडी पिठाच्या गोळ्यासारखी पडून. मेंदूकडून पॅकेट जातंय, पलीकडून अ‍ॅक्नॉलेजमेंटच नाही. मॅडम म्हणाल्या, घाबरू नका. गुडघ्यापाशी दुखापत किंवा सूज असली की शरीर स्वतःच मांडीच्या स्नायूचा सिग्नल कमी करतं, तो रोज थोडा थोडा परत मागावा लागतो. मग त्यांनी गृहपाठ दिला. पाऊल पुढे-मागे हलवायचं (हे रक्त साकळू नये म्हणून), मांडी आवळून दहा सेकंद धरायची, पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. दिवसातून अनेकदा. कुबड्यांचा भार काखेवर घ्यायचा नाही, तळहातांवर घ्यायचा, नाहीतर काखेतली नस दाबली जाते. आणि सहा आठवडे डावा पाय फक्त टेकवायचा, वजन द्यायचं नाही.

खरं सांगतो, मला तो गृहपाठ अपमानास्पद वाटला. ज्या माणसाने लिंगाणा चढलाय त्याने दुपारभर पाऊल हलवत बसायचं? मी एक्सेल शीट बनवली होती (आमचं दुसरं काय असणार). पुलअप, लटकणं, डंबेल, सगळे कॉलम भरलेले. चौथ्या आठवड्यात पुलअप नऊवरून चौदावर गेले. शेवटचे तीन कॉलम पायाचे. ते रिकामे. मॅडमनी विचारलं की मी म्हणायचो, "हो हो, केले की."

मग पाचवा आठवडा. दुपारची वेळ, आई खाली भाजी आणायला गेलेली. मी एका पायावर उभा राहून बार पकडला आणि एकामागून एक पंधरा पुलअप मारले. पंधरा! आयुष्यातला रेकॉर्ड. आणि त्या आनंदात, सहा वर्षांच्या सवयीने, बार सोडून दिला.

तुम्ही कधी बारवर लटकला असाल तर माहीत असेल, आपण उतरत नाही, आपण सोडतो. शरीर दोन्ही पायांवर पडतं, गुडघे वाकतात, संपलं. मीही दोन्ही पायांवर पडलो.

कळ अशी गेली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी फरशीवर बसलो. फोन हॉलमध्ये चार्जिंगला. पाय हलवून बघायची हिंमत होईना. आई यायला वीस मिनिटं लागली असतील. त्या वीस मिनिटांत मला रॉड वाकलेला दिसला, स्क्रू तुटलेले दिसले, परत ऑपरेशन दिसलं. त्या दिवशी वानरलिंगीखाली मी घाबरलो नव्हतो, कारण तिथे तीन जण होते आणि काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं. स्वतःच्या बेडरूममध्ये मात्र मी चांगलाच घाबरलो. आई आली, तिने भाजीची पिशवी तशीच खाली टाकली आणि काही न बोलता माझ्याशेजारी बसली. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "पुन्हा जाणार आहेस का रे डोंगरावर?" मला उत्तर देता आलं नाही.

नशीब चांगलं. एक्स-रेत सगळं जागच्या जागी होतं. उलट मोडलेल्या जागेभोवती ढगासारखा पुसट भाग दिसत होता. डॉक्टर म्हणाले तो कॅलस, म्हणजे नवीन हाडाचा कच्चा माल. टिबियाच्या पुढच्या बाजूला कातडीखाली लगेच हाड, स्नायूंचं पांघरूण नाही, रक्तपुरवठा कमी, म्हणून ते जुळायला वेळ घेतं. चार ते सहा महिने धरून चाला, कधी त्याहूनही जास्त.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी टेप काढली. उजवी पोटरी ३७. डावी साडेतेहतीस.

"साडेतीन सेंटीमीटर," त्या म्हणाल्या. "पायाचे किती केले?"

मी शीट दाखवली. त्यांनी रिकामे कॉलम पाहिले, भरलेले पाहिले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुम्ही लोक हातांनी चढता का?"

मंडळी, हा प्रश्न मला अजून ऐकू येतो. कारण बेसिक कोर्सच्या पहिल्या दिवशी नवीन पोरांना मी स्वतः काय शिकवतो? हात तोल सांभाळायला, चढायचं पायांनी. नवखा माणूस हातांनी स्वतःला ओढत राहतो आणि दहा मिनिटांत दमतो. मुरलेला माणूस बोटभर खाचेवर पाऊल ठेवतो, त्याच्यावर वजन टाकतो आणि उभा राहतो. सगळी गंमत त्या उभं राहण्यात आहे. आणि मी पाच आठवडे नेमकं नवख्यासारखं वागत होतो. पायाकडे बघायची भीती वाटत होती म्हणून हातांना कामाला लावलं होतं.

तिथून पुढचा हिशेब वेगळा. काय काय केलं ते लिहितो, कोणाला उपयोग होईल म्हणून. (पण तुमचा पाय, तुमचा डॉक्टर. माझी शीट कॉपी-पेस्ट करू नका.)

पहिलं म्हणजे जेवण. मॅडमनी अर्धं जेवण सोडल्याबद्दल झापलं. हाड बांधायला शरीराला नेहमीपेक्षा जास्त माल लागतो, प्रथिनं लागतात, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतं. या काळात वजन कमी करणं म्हणजे चालू बांधकामाचं सिमेंट चोरणं. आईचा विजय झाला. पार्टनरने माझ्या देखत सिगारेट सोडली, कारण धुराने हाड जुळायला उशीर लागतो हे त्याने कुठेतरी वाचलं. हाड माझं होतं, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

दुसरं, चांगला पाय. एका बाजूच्या अवयवाला व्यायाम दिला तर दुसऱ्या, न हलवलेल्या बाजूचीही ताकद थोडी टिकते. हे १८९४ मध्येच अमेरिकेत येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि मंडळींनी मांडलं होतं. कारण ताकद नुसती स्नायूत नसते, मेंदूच्या वायरिंगमध्येही असते. मग उजव्या पायावर खुर्चीतून उठणं-बसणं, उजव्या टाचेवर वर-खाली. शेजारच्या काकूंना वाटलं मी नाच शिकतोय.

तिसरं, बार खाली आणला. इतका खाली की उजवा पाय कायम जमिनीवर राहील. हातांचा व्यायाम बंद नाही केला, फक्त त्यातून 'सोडून देणं' काढून टाकलं.

सहा आठवड्यांनी वजन द्यायला परवानगी मिळाली. तेव्हा घरचा वजनकाटा कामाला आला. डावा पाय काट्यावर ठेवून दाबायचा आणि दहा किलो म्हणजे किती हे पायाला शिकवायचं. मग वीस, मग तीस. बाबा शेजारी कुबडी धरून उभे राहायचे आणि लिलावासारखे आकडे ओरडायचे. हाडाचंही तसंच असतं म्हणे. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने ते स्वतःला घट्ट करतं, हे युलियस वोल्फ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९२ मध्ये लिहून ठेवलंय. म्हणजे भार द्यायलाच हवा, पण हप्त्याहप्त्याने.

मग जागेवरची सायकल, छातीभर पाण्यात चालणं, एका पायावर उभं राहून दात घासणं. हे शेवटचं हास्यास्पद वाटतं ना? करून बघा, डोळे मिटून.

जूनमध्ये डॉक्टरांनी हाड जुळलं म्हणून सांगितलं. जुलैत पर्वती. १०३ पायऱ्या. वर जायला काही विशेष नाही, दम लागला इतकंच. उतरताना मात्र तिसऱ्या पायरीवर कठडा धरला. चढताना स्नायू आखडतो, उतरताना तो ताणला जात असतानाच वजन पेलावं लागतं, आणि माझ्या डाव्या मांडीला तेच येत नव्हतं. पंचाहत्तरीचे आजोबा 'सावकाश हं' म्हणत माझ्या पुढून उतरून गेले. मी महिनाभर फक्त उतरण्यासाठी पर्वतीला जात होतो.

ऑगस्टमध्ये क्लायंबिंग वॉल. आधी टॉप रोप, म्हणजे दोर वरून येतो, पडलं तरी लटकतो. मग लीड. बोल्डरिंग सगळ्यात शेवटी, कारण त्यात दोर नाही, चुकलं की थेट गादीवर. पहिल्या दिवशी सोपा, कलता पॅच लावला. उजवा पाय ठेवला, हात ठेवले. डावं पाऊल खाचेवर ठेवलं आणि... थांबलो. हात म्हणत होते ओढ. चौदा-पंधरा पुलअपचे हात, ते ओढू शकले असते. पण डाव्या पायावर वजन टाकायचं म्हटलं की पोटात गोळा. हाड जुळलं होतं, पोटरीही बऱ्यापैकी भरली होती. विश्वास मात्र कुठल्याच एक्स-रेत दिसत नाही. खालून पार्टनरने दोर जरा घट्ट केला. बोलला काही नाही. पाच मिनिटांनी मी उभा राहिलो.

खाली आल्यावर कळलं की तोही डिसेंबरपासून चढलेला नाही. एकही रविवार नाही. "मीच पाणी मागितलं होतं," एवढंच म्हणाला. आठ महिने दर शनिवारी येऊन माझ्याबरोबर पाऊल हलवत बसणारा माणूस हे मनात ठेवून बसला होता आणि मी माझ्या एक्सेल शीटमध्ये. मी त्याला हार्नेस दिला. म्हटलं, "चल, आता तू चढ. मी बिलेला."

नोव्हेंबरात आम्ही वानरलिंगीला परत गेलो. आई डबा भरून देताना फक्त म्हणाली, "उतरताना जपून." घाटघरच्या मावशींनीही चहा देताना हेच सांगितलं. सगळ्यांना माहीत होतं, मीच ऐकलं नव्हतं.

सुळका मी लीड केला नाही, पार्टनरने केला. उतरताना त्या घसाऱ्यावर मी सरळ बुड टेकवून, हात टेकवत आलो. दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. हेल्मेट डोक्यावरच होतं. मागून आवाज आला, जरासा घाबरतच, "पाणी आहे का रे?"

मी थांबलो. दोन्ही पाय नीट टेकवले. मग मागे वळलो आणि बाटली दिली.

पोटरीत अजून एक सेंटीमीटरचा फरक आहे. शीट चालू आहे.